हिरव्या उजेडातलं जाळं

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल एरवी गाद्या ठेवायला वापरत. आता तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, जिन्याखाली माणसं, आणि ज्यांना जिनासुद्धा मिळाला नव्हता ते दुकानातल्या विकाऊ सोफ्यांवर ठाण मांडून बसले होते. दुकानदाराने सुरुवातीला सगळ्यांना हाकलून पाहिलं. मग त्याच गर्दीतल्या एकाने बसल्या बसल्या सोफा विकत घेतला, आणि तेव्हापासून दुकानदारही भक्त झाला.

वर पडदे ओढून अंधार केला होता. मधोमध एक टेबल, त्यावर पांढरी चादर. टेबलाच्या बरोबर वर छतापासून लोंबणारी एक मोठी पितळी टोपी, दिव्याला असते तशी. पलीकडे खुर्चीत आरपारबाबा. दाढी नाही, जटा नाहीत, गळ्यात माळ नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तसाच इस्त्री केलेला आवाज.

"मी कुणी बाबा नाही हो," तो दर थोड्या वेळाने म्हणे. "लोक प्रेमाने म्हणतात. मी फक्त आत बघतो. डॉक्टर टोचून बघतात, कापून बघतात. मी उजेडात बघतो. बस्स."

"किती साधेपणा तो!" ओळीतली एक बाई गहिवरून म्हणाली.

ओळीच्या टोकाला, तोंडावर मास्क लावून आणि डोक्यावरून ओढणी घेऊन डॉक्टरबाई उभ्या होत्या. या भागातली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे तोंड झाकणं भागच होतं. त्या गंमत बघायला आल्या नव्हत्या. त्यांची एक पेशंट येईनाशी झाली होती.

पेशंट म्हणजे आठ वर्षांची एक मुलगी. एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून दवाखान्यात सगळे तिला टकळी म्हणत. टकळीच्या शरीरात रक्त नीट तयार होत नव्हतं, जन्मापासूनचाच आजार. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवलं की पोरगी उड्या मारत घरी जायची. नाही चढवलं तर ती पांढरी पडत जाणार, हृदय दमत जाणार आणि एक दिवस थांबणार. यात जर-तर काही नव्हतं. या खेपेला तिची तारीख उलटून गेली तरी ती आली नाही. आईला फोन केला, तर "ती बरी होतेय, आता गरज नाही" एवढंच बोलून तिने फोन ठेवून दिला. पण मागून कुणीतरी "चल, बाबांची वेळ झाली" म्हणालेलं डॉक्टरबाईंनी ऐकलं होतं.

"काय करता?" बाबाने पुढच्या माणसाला विचारलं.

"बस चालवतो."

"पाठ दुखते."

"अगदी बरोबर! कसं ओळखलंत?"

बाबा नुसता हसला. पाठ न दुखणारा बसचा ड्रायव्हर जगात कुठे सापडतो, हे विचारायची बुद्धी त्या हॉलमध्ये कुणालाही झाली नाही.

ड्रायव्हरच्या दंडावर एक काळी पट्टी करकचून बांधली गेली. "ही बंधनाची पट्टी," बाबा म्हणाला. "आता उभे राहा. हात खाली लोंबू द्या. सगळा भार हातात उतरू द्या." जरा वेळाने ड्रायव्हरने उभ्या उभ्याच हात टेबलावर, पितळी टोपीखाली ठेवला. टेबलाखाली बाबाचा पाय किंचित हलला.

हातावर हिरवा उजेड पडला. आणि त्या उजेडात, कातडीच्या आतून वर आल्यासारख्या काळ्या रेषा उमटल्या. मनगटापासून बोटांपर्यंत, एकीला फुटलेल्या दोन, दोनाच्या चार. हॉलभर "अगं बाई" आणि "अरे देवा" झालं. ड्रायव्हरने घाबरून हात सरकवला, तर रेषाही हाताबरोबर सरकल्या.

"हे ते जाळं," बाबा हळू आवाजात म्हणाला. "वर्षानुवर्षांची काजळी. कुणाच्या शापाची, कुणाच्या हव्यासाची, कुणाच्या औषधांची. तुमच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं कधी?"

"नाही हो," ड्रायव्हर रडवेला झाला.

"त्यांना दोष देऊ नका. त्यांची विद्या कातडीपाशी संपते."

मग पट्टी सुटली. हातावर बर्फाचं पाणी ओतलं गेलं. "आता जमिनीवर बसा," बाबा म्हणाला, "हात मात्र तसाच वर, टेबलावर. अहंकार उभा असतो तोवर जाळं सुटत नाही. खाली या. अजून खाली." ड्रायव्हर फतकल मारून बसला, हात डोक्याच्याही वर. बाबा कंपनं, लहरी, सूक्ष्म थर असं बरंच काही पुटपुटला. पुन्हा हिरवा उजेड पडला आणि हात कोरा करकरीत निघाला. काळ्या रेषांचा मागमूस नव्हता.

टाळ्यांनी छत दणाणलं. डॉक्टरबाईंना मास्कच्या आड हसू आलं. हा उजेड त्या रोज वापरत आल्या होत्या. गुबगुबीत बाळांची शीर सापडत नाही, आजारी मुलांना उगाच चार ठिकाणी टोचावं लागतं, म्हणून त्यांनी दवाखान्यासाठी असंच एक यंत्र घेतलं होतं. बाबाने कुठून तरी तसलंच पैदा केलेलं दिसत होतं. उद्या चार लोकांसमोर समजावून सांगू, टकळीला परत आणू, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात पुढची बाई टेबलाशी आली, उजेडाचा हिरवा चौकोन चादरीवर पसरला आणि डॉक्टरबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. चौकोनाच्या एका कोपऱ्यात खाच होती, कुणीतरी कुरतडल्यासारखी. त्यांचं यंत्र एकदा ट्रॉलीवरून पडलं होतं, तेव्हापासून त्याच्या उजेडात अगदी अशीच खाच पडायची. टकळी तिला 'उंदराचा चावा' म्हणायची.

ते यंत्र गेले कित्येक दिवस दुरुस्तीला गेलेलं होतं. त्यांचा सख्खा भाऊ स्वतःच्या हाताने घेऊन गेला होता.

---

आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचा डबा भरायचा, दप्तर तपासायचं आणि मग स्वतःच्या कॉलेजला धावायचं, अशी डॉक्टरबाईंची कितीतरी वर्षं गेली. पुढे त्याने चार धंदे केले आणि चारही बुडवले. शेवटी त्यांनी त्याला दवाखान्याच्या काउंटरवर बसवलं, आणि तिथे मात्र तो दुधात साखर विरघळावी तसा विरघळला. नंबर लावायचा, औषधं आणायची, यंत्रांची दुरुस्ती बघायची, रडणाऱ्या पोरांना हसवायचं. पोरं त्याला मामा म्हणत. "चला, मामा नदी दाखवणार!" असं ओरडत तो शिरांचा दिवा ट्रॉलीवरून ढकलत आणायचा. हात वर केला की नदी आटते, हात खाली सोडला की नदी भरते, हा खेळही त्यानेच पोरांना शिकवलेला. नदी बघता बघता सुई कधी टोचली गेली हे पोरांना कळायचंही नाही.

डॉक्टरबाई हॉलमधून सरळ दवाखान्यात आल्या. भाऊ काउंटरवर होता.

"छोट्या, आपला शिरांचा दिवा आला का रे?"

"कुठे ताई! त्याचा एक भाग बाहेरून यायचाय म्हणतात."

"तू गेला होतास विचारायला?"

"कालच गेलो होतो. नेमकं दुकान बंद." तो उठला, थर्मासमधला चहा त्याने कपात ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "बिनसाखरेचा आहे. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही. चेहरा बघा केवढासा झालाय."

तो चाचरला असता, डोळे चुकवले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. निदान खोटं बोलताना त्याला जड जातंय एवढं तरी कळलं असतं. पण तो काळजीने त्यांच्याकडे बघत होता, आणि ती काळजीही खरी होती. चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

"टकळी का आली नाही, काही कळलं?"

"गावाला गेलेत म्हणे सगळे," भाऊ म्हणाला.

---

टकळीचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भोवती शाळेच्या गणवेशांचे ढीग. आई मशीनवर होती. आतल्या खोलीच्या दाराशी, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून टकळी बसली होती. डॉक्टरबाईंना बघून ती हसली, पण बोलली नाही. जी पोरगी डॉक्टरांना नाडीसुद्धा मोजू द्यायची नाही इतकं बोलायची, ती नुसती बघत राहिली. ओठ कागदासारखे झाले होते. गळ्याशी ठोके नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

"आत्ताच्या आत्ता निघायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाडी खाली आहे."

आईचे पाय मशीनच्या पायट्यावर थांबले. "कुठे?"

"रक्त चढवायला. तिची अवस्था बघितलीस का?"

"बाबा म्हणालेत, साफ होताना अशक्तपणा येतोच. आणि तुम्ही आता असं काय बोलताय? तुम्हीच तर पाठवलंत आम्हाला."

"मी?"

"तुमच्या भावाने सांगितलं. 'ताईच म्हणाल्या, औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता एकदा बाबांना दाखवा. त्यांना डॉक्टर म्हणून उघड बोलता येत नाही.' मी काय वेड्यासारखी कुठल्याही जिन्यावर चढणारी बाई आहे? तुमचं नाव होतं म्हणून गेले."

डॉक्टरबाई कापडाच्या ढिगावरच बसल्या.

"आणि बाबांना सगळं माहीत होतं," आई पुढे म्हणाली. "हिच्या आधी माझं एक बाळ गेलं होतं, तेसुद्धा. ते मी जगात कुणालाच सांगितलेलं नाही. हिच्या बापाला नाही, माझ्या आईला नाही. फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"माझ्या खोलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना तो दिवस आठवला. आई रडत होती, आणि भाऊ पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा होता. पाणी देऊन तो दार ओढून गेला होता, अगदी हळू, आवाज न करता. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते त्यांना त्या कापडाच्या ढिगावर कळलं.

"मी पाठवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो खोटं बोलला. तो दिवाही आपल्याच दवाखान्यातला आहे."

आईने पायट्यावरचे पाय खाली घेतले. मग एकेक शब्द तोडत म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या नावाने एक. आज तुमच्या तोंडाने दुसरं. आम्ही ऐकायचं तरी कुणाचं?"

माझं ऐक, असं म्हणायचा हक्क भावाने त्यांच्याकडून काढून घेतला होता.

"कुणाचंच ऐकू नकोस," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "आत्ता माझ्याबरोबर त्या हॉलमध्ये चल. मी तोंड उघडणार नाही. तू फक्त तुझ्या डोळ्यांनी बघ. तिथून मग तू म्हणशील तिकडे गाडी नेते. पण आत्ता चल, तिच्याकडे वेळ नाही."

आईने मुलीकडे बघितलं, मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि चपला घातल्या.

---

टकळीला दोन पायऱ्या चढवेनात, म्हणून डॉक्टरबाईंनी तिला कडेवर घेतलं. या वेळी त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता. "डॉक्टरबाई आल्या, डॉक्टरबाई!" अशी कुजबूज वरपर्यंत पोचली. जिन्याच्या डोक्यावर भाऊ उभा होता, ओळ लावत. इथे त्याच्या अंगात कोट होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला; पण त्याने वाट सोडली.

आरपारबाबा मात्र कसलेला गडी. "या, या!" तो खुर्चीतून उठलाच. "बघा मंडळी, विज्ञानसुद्धा शेवटी इथेच येतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाई दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प राहिल्या.

टकळीला स्टूलावर उभं केलं. दंडाला काळी पट्टी, हात खाली, मग टेबलावर. हिरवा उजेड पडला. तिच्या हातावरही जाळं उमटलं, पण अगदी पुसट, धुतलेल्या पाटीवर राहिलेल्या अक्षरांसारखं.

"बघा!" बाबाचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी कोळशासारखं होतं. सगळं परक्या रक्ताचं! आज बघा, कसं फिकं झालंय! आणखी थोडे दिवस, की पोर मुक्त!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली. त्या फिकेपणाचा अर्थ त्या हॉलमध्ये त्यांना आणि आणखी एकाच माणसाला कळत होता, आणि तो जिन्याच्या दाराशी कोट घालून उभा होता.

पट्टी सुटली, गार पाणी ओतलं, टकळीला खाली बसवलं, हात वर टेबलावर. बाबाची कंपनं झाली. उजेडात हात कोरा दिसला. टाळ्या.

"आई," टकळी खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "नदी आटली."

"काय गं?"

"आता भरून दाखवू?"

कुणी काही म्हणायच्या आत ती आईला धरून उठली. स्टूलावर चढली, हात खाली सोडून जरा वेळ उभी राहिली आणि मग तो पुन्हा टोपीखाली धरला. ना पट्टी, ना मंत्र. आणि जाळं परत आलं. तिने हात डोक्याच्या वर नेऊन थोडा वेळ धरला आणि खाली बसून टेबलावर ठेवला. जाळं गेलं. ती उठली. जाळं आलं.

"वर केला की आटते, खाली सोडला की भरते," ती दमून थांबत थांबत म्हणाली. "मामाने शिकवलंय. आणि बघ ना आई, तो उंदराचा चावापण आहे. हा आपल्या दवाखान्यातलाच दिवा आहे."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. "पोर बोलत नाहीये," बाबा घाईघाईने म्हणाला, "तिच्या आतलं जाळं बोलतंय! जाळं जाताना शेवटचा हिसका—"

"बाबा, थांबा की जरा," गर्दीतून बसचा ड्रायव्हर पुढे आला. जाळं गेलं तरी पाठदुखी काही थांबेना, म्हणून बिचारा परत आला होता. "मी उभ्याने बघू का एकदा?" त्याने हात लोंबवला आणि मग टोपीखाली घातला. "अहो, माझं तर होतं तसंच आहे! सगळंच्या सगळं!"

मग काय! जो तो हात पुढे करायला लागला. म्हाताऱ्यांचे हात, तरण्यांचे हात, कुणाच्या कडेवरचं तान्हं. ज्याला त्याला जाळं. कुणाचं बारीक, कुणाचं जाड, पण बिनजाळ्याचा हात काही सापडेना.

"आणि बाबांचं?" कुणीतरी विचारलं.

बाबाने हात खिशात घातला. फर्निचरवाल्या दुकानदाराने तो कोपरापासून धरून बाहेर ओढला आणि टोपीखाली दाबला. सुतारकामात उभा जन्म गेलेल्या माणसाची पकड ती. बाबाची काय प्राज्ञा! चांगलं ठसठशीत काळं जाळं उमटलं.

"अरेच्चा! बाबांनाच सगळ्यांत जास्त काजळी!"

हॉल खदखदून हसला. पण ते हसणं फार टिकलं नाही. एकेकाला आपण इथे कोणती औषधं बंद करून आलोय ते आठवत गेलं, आणि हॉल शांत होत गेला. दुकानदार खुर्चीवर चढला आणि त्याने पितळी टोपी उचकटली. आत हातभर लांबीचं पांढरं यंत्र होतं. एका कडेला, मुलांसाठी चिकटवलेला सशाचा स्टिकर.

"आता मी बोलू?" डॉक्टरबाईंनी आईला विचारलं. आईने मान हलवली.

"हे यंत्र असा एक उजेड टाकतं, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तो कातडीतून थोडा आत जातो. रक्तातलं लाल द्रव्य त्याला गिळून टाकतं, बाजूचं मांस परत पाठवतं. यंत्रातला कॅमेरा ते टिपतो आणि तेच चित्र हिरव्या उजेडाने पुन्हा तुमच्या हातावर, त्याच जागी पाडतो. काळं दिसतं ती काजळी नाही, त्या तुमच्या शिरा आहेत. ज्याच्या हातावर त्या नसतील तो माणूस जिवंत नसेल. दंड आवळला, हात खाली सोडला, की शिरा भरतात. पट्टी सोडून गार पाणी ओतलं, हात छातीच्या वर ठेवला, की त्या आखडतात, रिकाम्या होतात. अहंकाराचा यात काही संबंध नाही. रक्त पाण्यासारखं उताराला जातं, एवढंच."

"आणि हिचं?" आईने विचारलं. आवाज अगदी बारीक होता. "हिचं फिकं का होत गेलं?"

डॉक्टरबाईंना ते सांगावं लागलं. "काळं दिसतं ते लाल द्रव्यामुळे. तिचं लाल द्रव्य संपत चाललंय. तुला जे साफ होताना दाखवत होते ना, ते ती मरणाकडे चालली होती ते दाखवत होते."

आईने तोंडावर हात दाबला. मग ती वळली ती बाबाकडे नाही, जिन्याच्या दाराकडे. "तुम्हाला माहीत होतं?"

भावाने कोटाची बाही खाली ओढली.

"छोट्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा दिवा कुणाचा?"

"मला... मला काय माहीत, ताई."

"मामा, असं काय रे?" टकळी म्हणाली. "तूच तर ट्रॉलीवरून आणायचास."

त्याने खाली बघितलं. "लोकांना बरं वाटत होतं, ताई," तो पुटपुटला. "तिकडे मी तुमचा भाऊ. इथे लोक मला साहेब म्हणायचे. मला वाटलं, तिला बोलावूच आपण, उशीर व्हायच्या आत."

"तिच्या ओठांकडे बघ आणि मग बोल."

त्याने बघितलं नाही. डॉक्टरबाईंनी टकळीला उचललं आणि त्या जिना उतरायला लागल्या. त्याच्या अंगावरून जाताना त्या थांबल्या नाहीत.

---

यंत्र पुरावा म्हणून पोलीस चौकीत जमा झालं. बाबाबरोबर भावाचंही नाव तक्रारीत होतं; ते डॉक्टरबाईंनीच घातलं. दिवा नसल्यामुळे त्या दिवशी सिस्टरने टकळीची शीर बोटांनी चाचपूनच शोधली, आणि दोनदा टोचावं लागलं.

रक्ताची पिशवी आली तेव्हा आई आडवी आली. "थांबा. हे कोणत्या गटाचं? कुठे लिहिलंय? दाखवा मला." सिस्टर चमकली. आठ वर्षांत या बाईने कधी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणतील तिथे ती अंगठा उठवायची. डॉक्टरबाईंना ते लागलं. क्षणभर चांगलंच लागलं. मग त्यांनी पिशवी स्वतः हातात घेतली, चिठ्ठी वाचून दाखवली, जुळवणीचा कागद शेजारी धरला आणि आईची खात्री होईपर्यंत उभ्या राहिल्या.

"रागावू नका," आई म्हणाली. "पण आता मी विचारणार. दर वेळी."

"विचार. पूर्वीच विचारायला हवं होतंस, आणि मी पूर्वीच सांगायला हवं होतं."

बाहेर बाकांवर तीच माणसं बसली होती, औषधं पुन्हा सुरू करायला आलेली. ड्रायव्हर सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "डॉक्टरबाई, घरचा माणूस असं करतो म्हटल्यावर आम्ही विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

"माझ्यावरही आंधळेपणाने ठेवू नका," त्या म्हणाल्या. "कुणी चमत्कार दाखवला, तर तो त्याच्या स्वतःच्या हातावर दाखव म्हणा. उभ्याने दाखव, बसून दाखव, निरोग्याला दाखव. जो दाखवेल, विचारू देईल, त्याचं ऐका. जो चिडेल, तिथून उठा. आणि कुणीही, अगदी माझं नाव सांगून, औषध बंद करा म्हणालं, तर आधी मला येऊन विचारा."

आत टकळीच्या ओठांवर हळूहळू रंग चढत होता. पिशवी अर्धी झाली तशी तिची टकळी सुरू झाली. चौकीत दिव्याला कुणी पुसतं का, पोलीस त्यात हात घालून बघतात का, सशाचा स्टिकर निघाला तर नवा आणायचा का. मग एकदम ती थांबली.

"डॉक्टरबाई, बाबाला माहीत नसेल दिवा कसा चालतो. पण मामाला तर माहीत होतं ना?"

"हो."

"सगळं?"

"सगळं माहीत होतं, बाळा." डॉक्टरबाईंनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. डबा भरून दिलेलं ते पोर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. "म्हणूनच मला त्याचा इतका राग आलाय."

टकळीने जरा विचार केला. "मग आता दिवा परत आला की ट्रॉली कोण ढकलणार?"

"मी."

"तुम्ही खोटं नाही ना सांगणार?"

डॉक्टरबाईंनी बाही वर सरकवली आणि आपला हात तिच्या शेजारी चादरीवर ठेवला. "आधी माझा हात त्याखाली धरायचा," त्या म्हणाल्या. "तू सांगशील तसा, वर आणि मग खाली. तुझी आणि आईची खात्री पटली, की मगच तुझा."